नाताळ आला, कापसाचा चुकारा नाही आला

दिवाळीच्या आधी येतात तशीच पत्रं आता नाताळाच्या तोंडावर आली, सण वेगळा पण रडगाणं तेच, कापसाचा चुकारा, म्हणजे विक्रीचे पैसे, हातात नाही. त्यातली सात घेतली. नावं टाकत नाही, तालुका तेवढा ठेवलाय, आणि काहींनी लिहायच्या ऐवजी फोनवर बोलून पाठवलं होतं ते जसं बोलले तसंच उतरवलंय, मी पण वऱ्हाडातलीच, मला ते दुरुस्त करायची काही हौस नाही.

प्रश्न (अचलपूर तालुका) : ताई सलाम. आमची तीन एकर कपाशी हाये, दोघंबी मजुरीले जातो. मोठ्या पोरीचं मे महिन्यात लग्न झालं, तिचा नि जवाईबापूचा आमच्या घरचा हा पयला नाताळ. मागच्या साली नाताळाले एका जवळून १५ हजार घेतले पाच रुपये शेकड्यानं, कपडे, मटण, घराले रंग सगळं केलं, ते अजून फिटले नाही. यंदा घरात ६ हजार हायेत. कापूस घरात पडून हाये पण पैसा नाही. पोरीचे बाबा म्हणतात अजून १० आणू, चुकारा आला की देऊन टाकू, जवाईबापूसमोर खाली पाहाले नको. काय करू?

उत्तर : सलाम बाई. आधी मागच्या सालचा हिशोब करू, कारण तो कोणी करतच नाही. पाच रुपये शेकडा म्हणजे शंभरामागं महिन्याला पाच, १५ हजारावर महिन्याचे ७५०. जानेवारी ते नोव्हेंबर ११ महिने धरले तर ८,२५० रुपये नुसतं व्याज, आणि १५ हजाराची मुद्दल जिथल्या तिथं. वर्षाचे ६० टक्के झाले हे. पीककर्जाला बँक ७ टक्के लावते, वेळेवर भरलं तर त्यातही सूट आहे, पण त्याला सातबारा, आठ-अ, दहा चकरा, आणि हे ६० टक्क्यांचं ओट्यावर बसल्या बसल्या मिळतं म्हणून सोपं वाटतं. ८,२५० मध्ये यंदाचा अख्खा नाताळ झाला असता बाई, जवाईबापूसकट.

आता ते "चुकारा आला की देऊ". २५ तारीख काही पुढं सरकत नाही, चुकाऱ्याची सरकते. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामाला ८,११० रुपये क्विंटल होता, पण सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की पैसे कापतात आणि १२ च्या वर गेला तर गाडी परत, आणि पैसे येतात ते आधार जोडलेल्या खात्यात, हातात नाही. दारात आलेल्या व्यापाऱ्याला दिला तर रोख मिळतात पण भाव तो सांगेल तो. नाताळासाठी घाई करून तुम्ही दोन क्विंटल दारात विकला आणि क्विंटलमागं ५०० कमी आले तर ते हजार रुपये पण नाताळाच्याच खर्चात लिहा, वहीत दिसत नाहीत म्हणून गेले नाहीत असं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की जे रोख हातात आहे त्याला नाताळाचे पैसे म्हणायचं, कापूस म्हणून रचून ठेवलंय त्याला नाही. आणि ६ हजार हा आकडा आजच सगळ्यांना सांगून टाका, जेवायला बसले असतील तेव्हा, लहान पोरांसमोर पण. घरात एकालाच आकडा माहीत असतो आणि बाकीचे चार जण बाजारात हात लांब करतात, उधारी तिथंच होते.

मी मांडून पाहिलं ते असं : पोरीला साडी ९००, जवाईबापूला शर्ट ६००, घरातल्या दोन लहान लेकरांचे कपडे १,२००, झाले २,७००. तुम्ही दोघांनी यंदा नवीन घ्यायचं नाही, पोरीच्या लग्नात नेसलेली साडी आहेच ना तुमची, मे पासून किती वेळा नेसलात? फराळाचं सामान १,३००. २५ तारखेच्या जेवणाला १,२००, आणि इथं थोडं कडू बोलते, मटण ७००-८०० रुपये किलो असताना दहा माणसांना पुरेल एवढं आणायचं म्हटलं तर सगळे पैसे रश्श्यातच जातात, म्हणून अर्धा किलो मटण आणि दोन किलो कोंबडी, रस्सा लांब, भात मोकळा. कोणाच्या वाटीत काय आहे ते कोणी डोकावून पाहत नाही, पाहिलंच तर त्याला भांडी घासायला बसवा. देवळातलं (चर्चमधलं) दान ३००, चांदणी आणि एक लायटिंगची माळ १५०, पोर जायला निघाली की तिच्या हातावर ठेवायला ३५०. बरोबर ६ हजार.

घराला रंग यंदा नाही. समोरच्या भिंतीला चुना मारा चिमूटभर नीळ टाकून, वाळला की पांढराशुभ्र निघतो. सजावटीचं तर मला हसूच आलं, शहरातले लोक झाडावर बर्फ दाखवायला कापूस विकत आणतात आणि तुमच्या घरात तो आढ्यापर्यंत रचलाय. शेतातून एक वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, आणा, रिकाम्या बोंडांसकट, तेलाच्या डब्यात माती भरून उभी करा, फांद्यांवर हा आपलाच कापूस. चांदणीला बांबूच्या कमच्या, कणकेची खळ आणि पतंगाचा कागद, संक्रांत जवळ आली म्हणून तो आत्ता दुकानात येतोच.

राहिले जवाईबापू. पोरीला आजच फोन करा आणि खरं सांगा, तिला मागच्या सालचं कर्ज माहीत आहे, ती तेच डोक्यात घेऊन सासरी बसली असेल. आणि रात्री कॅरोलवाले अंगणात आले की सासऱ्यानं जवाईबापूच्या हातात ढोलकी द्यायची, खुर्चीवर पाहुणा म्हणून बसवून ठेवायचं नाही. आमच्या घरी पहिल्या नाताळाला जवाई आला होता त्याला काय खायला घातलं ते आता कोणालाच आठवत नाही, ताल चुकला होता ते मात्र दर वर्षी निघतं.

प्रश्न (दारव्हा तालुका) : मागच्या नाताळाले गावातल्या एकाजवळून २० हजार घेतले चार रुपये शेकड्यानं. त्यानं कोरा चेक घेतला अन् स्टॅम्पवर सही. वर्षभर ८०० देऊन रायलो, ९,६०० झाले, तो म्हणते मुद्दल तशीच हाये. लायसन हाये का नाही मालूम नाही. यंदा नाताळ करू का त्याचं भरू?

उत्तर : भाऊ, आधी हे वाचा मग ठरवा. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे, परवाना असल्याशिवाय व्याजानं पैसे द्यायचा धंदा करताच येत नाही, आणि परवाना असला तरी दर ठरवून दिलेला आहे : शेतकऱ्याला तारण ठेवून वर्षाला ९ टक्के, विनातारण १२ टक्के, शेतकरी नसलेल्याला १५ आणि १८. वर्षाला १२ म्हणजे महिन्याला एक रुपया शेकडा. तुम्ही शेतकरी असाल तर २० हजाराचे त्या हिशोबानं वर्षाचे २,४०० होतात, तुम्ही ९,६०० देऊन बसलात, म्हणजे चौपट. कितीही वर्षं झाली तरी व्याज मुद्दलीच्या वर घेता येत नाही, आणि कोऱ्या कागदावर सही घेणं तर कायद्यात बसतच नाही.

तालुक्याला सहायक निबंधक, सहकारी संस्था हे ऑफिस असतं, परवानेवाल्यांची यादी तिथं असते, तिथं जाऊन आधी नाव आहे का बघा. नसेल तर लेखी अर्ज द्या, तिथं नाहीच झालं तर जिल्हा उपनिबंधक. तोपर्यंत एकही रुपया रोख देऊ नका, द्यायचाच असेल तर खात्यावरून किंवा फोनवरून टाका म्हणजे नोंद राहते, मागचे दिलेले असतील त्याचे स्क्रीनशॉट, वहीतल्या तारखा, कोणासमोर दिले ते सगळं एका कागदावर काढा. ऑफिसात जाताना एकटे जाऊ नका. एक मात्र आहे, गावातलाच माणूस आहे, रोज तोंड दिसतं, म्हणून लोक अर्जच देत नाहीत, मला ते समजतं, पण निदान यादी तरी बघून या, त्याला काही लागत नाही.

नाताळ करू का त्याचं भरू म्हणता, तर लेकरांचे कपडे आणि घरचं जेवण करा. यंदा तेवढंच.

प्रश्न (पुसद तालुका, काम पुण्याला) : बाबांना नाताळाला मोबाईल द्यायचाय, १५ हजाराचा, नो कॉस्ट ईएमआयवर, ६ महिने २,५००. व्याज शून्य आहे मग घ्यायला काय हरकत?

उत्तर : शून्य टक्के व्याज असं काही नसतं हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं, व्याज कुठं तरी किमतीत नाहीतर फीमध्ये बसवलेलंच असतं. दुकानात जाऊन फक्त एवढं विचारा की रोख दिले तर केवढ्याला. तो १४ हजार म्हणाला आणि ईएमआयला १५ हजार वर फाईल चार्ज ५०० म्हणाला, तर ते दीड हजार कशाचे? दुसरं, हप्ता ५ तारखेला कटतो आणि तुमचा पगार १० ला होतो असं असेल तर पहिलाच हप्ता बाउन्स, त्याचा दंड बँक वेगळा घेणार आणि फायनान्सवाले वेगळा.

बाबांच्या जुन्या फोनची बॅटरी बदला, अक्षरं मोठी करून द्या, नको ते फोटो उडवून जागा रिकामी करा, हजाराच्या आत होतं. फोन त्यांना खरंच हवाय का हे पण एकदा विचारा बापू, आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना मोठ्या आवाजाचा रेडिओ मिळाला तरी पुरतं.

आणि झटपट लोनच्या अ‍ॅपकडं तर बघूच नका. ५ हजार मंजूर, हातात ३,४००, सात दिवसांनी ५ हजार परत, नाही दिले की कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या सगळ्यांना मेसेज. खऱ्या बँकेच्या किंवा एनबीएफसीच्या (परवाना असलेल्या कर्ज कंपनीच्या) अ‍ॅपला सगळा खर्च धरून वर्षाचा व्याजदर आधी लेखी दाखवावाच लागतो, जो दाखवत नाही तो चोर. अडकलाच असाल तर १९३० वर फोन करा.

प्रश्न (चांदूर बाजार तालुका) : आमच्या चर्चच्या मंडळीत ४० घरं आहेत. तरुण संघानं घरटी १,००० वर्गणी काढली, त्यातले २५ हजार डीजे आणि मंडपाचे. नाही दिली तर उपासनेनंतर यादी वाचतात. माझ्या सासूबाईंनी शेळी विकायला काढली. कोणाला बोलायचं?

उत्तर : पाळकसाहेबांना, आणि पोरांच्या आधी. शेळी विकू नका.

यादी वाचायची पद्धत मला लहानपणापासून आवडत नाही. आमच्या देवळात पण होती, अमुक ५०१, तमुक १०१, आणि ज्याचं नाव शेवटी त्याची बायको पुढचे दोन रविवार मागच्या सतरंजीवर बसायची. मग एका पाळकांनी बंद पाकीट सुरू केलं, सगळ्यांना सारखंच खाकी पाकीट, आत काय आहे ते खजिनदार आणि देव जाणे. पहिल्या वर्षी पैसे कमी आले हे खरं आहे, खोटं कशाला सांगू, पण प्रीतिभोजनाला माणसं जास्त आली. ज्यांच्याकडं पैसा नव्हता त्यांनी तांदूळ आणले, डाळ आणली, एकानं मळ्यातली वांगी, एक म्हातारा बंडीभर सरपण टाकून गेला, आणि मोर्शीकडच्या एका पाहुण्यानं संत्र्यांची दोन कॅरेट, आंबिया बहाराची शेवटची तोड होती ती, साल सैल झालेली पण गोडीला एक नंबर. तुमच्या ४० घरांत हे सहज होतं.

डीजेचं म्हणाल तर पोरांना सरळ विचारा की कॅरोल गात घरोघरी जायचं आहे का स्पीकरच्या मागं चालायचं आहे. आपल्याकडं पेटी, खंजिरी, ढोलकी, टाळ आहेत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक, काही काळ नागपुरात राहिलेले, त्यांनी मराठीत भजनं लिहिली, ख्रिस्ती कीर्तनं केली, ती भजनं आपण अजून म्हणतो, त्याला २५ हजाराचा डीजे-मंडप लागत नाही. पोरं ऐकणार नाहीत लगेच. मग एक तोड सांगा, डीजे ज्याला पाहिजे त्यानं त्याची वेगळी वर्गणी काढावी, मंडळीच्या नावानं नाही. किती पैसे जमतात ते बघा मग.

प्रश्न (मूर्तिजापूर तालुका) : आम्ही ख्रिस्ती नाही, पण पोराच्या इंग्लिश मिडियम शाळेनं सांताचा ड्रेस सांगितला, दुकानात ४५० ला आहे, एका दिवसासाठी.

उत्तर : लाल ओढणी नाहीतर जुना लाल टी-शर्ट, कमरेला बाबांचा पट्टा, दाढीला कापूस. दाढी गमानं चेहऱ्यावर चिकटवू नका, मास्कच्या कापडावर चिकटवा आणि कानाला अडकवा. पोर चौथीच्या पुढं असेल तर ते स्वतःच म्हणेल मला नाही जायचं.

प्रश्न (बाभूळगाव तालुका) : वर्षभर साठवायचं ठरवते पण घरात पैसा टिकतच नाही. नाताळासाठी वेगळी काय सोय करता येईल?

उत्तर : घरात टिकत नाही तर घरात ठेवायचाच नाही. आठवड्याला १०० काढले तर ५२ आठवड्यांचे ५,२०० होतात, जानेवारीच्या पहिल्या बाजारापासून सुरुवात. लाडक्या बहिणीचे १,५०० येत असतील तर पैसे पडल्या दिवशीच त्यातले ४०० बाजूला, पण तो हप्ता कधी पडेल याचा नेम नाही म्हणून सगळं त्याच्यावर टाकू नका. बँकेत आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायचं खातं, काढा, पण मुदत डिसेंबराच्या आधी संपेल अशी. पोस्टाची आरडी चांगली आहे, महिना १०० पासून होते, पण ती ५ वर्षांची असते, पोस्टमन सांगतो म्हणून नाताळासाठी ती काढू नका, पैसे डिसेंबरात हाती येणार नाहीत.

बचत गट असेल तर पाच-सहा जणींनी मिळून सणाचा वेगळा डबा करा, वेगळ्या वहीत. गटाचं नेहमीचं कर्ज बऱ्याच ठिकाणी महिना दोन रुपये शेकड्यानं असतं, सावकारापेक्षा बरं आणि व्याज गटातच राहतं, तरी कपड्यांसाठी ते पण काढू नका असंच मी सांगेन.

आमच्या आजीची आरडी म्हणजे कोंबडी. आखाडात खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची, पिल्लं डाल्याखाली वाढायची, निम्मी घार न्यायची, मांजर न्यायचं, उरलेले दोन-तीन कोंबडे नाताळाला बरोबर कापायजोगे व्हायचे. आमच्या घरी नाताळाचं मटण विकत आणल्याचं मला लहानपणीचं आठवतच नाही. त्या कोंबड्यांना नाव ठेवू नका एवढंच, माझ्या भावानं ठेवलं होतं आणि २५ तारखेला तो जेवला नाही.

प्रश्न (दर्यापूर तालुका) : केक ६०० ला किलो आणि नानकटाई पण महाग झाली. घरी ओव्हन नाही. काही उपाय?

उत्तर : केक कुकरमध्ये करा. वाटीभर काळे मनुके आदल्या रात्री संत्र्याच्या रसात भिजत घाला. दीड वाटी बारीक रवा, वाटीभर पिठीसाखर, वाटीभर दही, अर्धी वाटी तेल, सगळं कालवून अर्धा तास झाकून ठेवा, रवा फुगतो. मग मनुके रसासकट, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, संत्र्याच्या सालीचा वरचा केशरी भाग किसून, आतला पांढरा नको, कडू होतो. कुकरच्या तळाला जाड मीठ, शिट्टी आणि रिंग काढून दहा मिनिटं तापवायचा, मग तूप लावलेला डबा आत ठेवून बारीक गॅसवर ४० ते ४५ मिनिटं. सुरी घालून बघा, कोरडी निघाली की झाला. शंभर-सव्वाशेत होतो, वर क्रीम नसतं पण चहासोबत क्रीमवाल्यापेक्षा हाच संपतो.

नानकटाई मात्र घरी करत बसू नका, भट्टीवर न्या. मैदा, रवा, साखर, डालडा आपला, मजुरी किलोवर. मी आईबरोबर जायची, २० डिसेंबरच्या आसपास, संध्याकाळपासून नंबर, बाया पिपे घेऊन ओळीनं बसलेल्या, कोणाच्या मांडीवर लेकरू झोपलेलं, आत भट्टीवाल्याची पोरं डालडा आणि साखर हातानं फेटून फेटून पांढरी करत होती आणि लोखंडी ट्रे आत सरकवायच्या आधी प्रत्येकावर ज्याच्या-त्याच्या नावाची चिठ्ठी. आमचा नंबर लागला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. येताना सायकलच्या कॅरिअरवर मी तो गरम पिपा मांडीवर घेऊन बसले, थंडी एवढी की पिपा सोडवेना. घरी येऊन झाकण उघडलं तर आत जिऱ्याची खारी बिस्किटं. पिपा आमच्यासारखाच, माणसं दुसरी. नानकटाई कोणाकडं गेली ते २७ तारखेला समजलं, आणि तोपर्यंत त्यांनी पाहुण्यांना वाटून टाकली होती.

तर नंबर १५ तारखेलाच लावून ठेवा, मजुरी आधी ठरवा, डालडा जास्त नेऊ नका, उरलेला परत मिळत नाही. आणि पिप्यावर नाव बाहेरून लिहू नका, तुपानं पुसलं जातं, झाकणाच्या आतून खिळ्यानं कोरा.